दुसरा हात

मीटरवर पुन्हा शून्य आलं.

तिनं तोंड वाकडं केलं. मघापासून डिकीत वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला होता. हातात जाड रबरी मोजे, डोळ्यांत उतरणारा घाम, आणि पुढ्यात त्या हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी, झाकण काढून उघडी पडलेली. आत एकाला एक चिकटून बसलेले ब्लॉक. त्यातला एखादा आजारी पडतो आणि बाकीच्यांनाही खाली ओढतो. तेवढा एक हुडकून काढायचा होता. पण इथं पहिला शून्य, दुसरा शून्य, तिसराही शून्य. म्हणजे घरादाराला एकदमच साथ आली की काय!

सकाळीही असंच एक मढं आलं होतं. कित्येक महिने झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी. पहिल्यापासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत मीटर शून्याच्या वर सरकला नाही. तिनं झाकणावर खडूनं 'मेली' असं लिहिलं आणि टेम्पोत घालून घरी आबांकडे पाठवून दिली.

आबा म्हणजे तिचे सासरे. गॅरेज त्यांचंच. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते सुनेच्या हवाली करून घरी बसले. पण स्वस्थ बसतील तर ते आबा कसले! घरामागच्या शेडमध्ये मेलेल्या बॅटऱ्या खोलायच्या, आतल्या तांब्याच्या पट्ट्या काढायच्या, यात त्यांचा दिवस मजेत जाई. आत्ताच टेम्पोवाला परत येऊन, दारात टेम्पो लावून सांगून गेला होता, "म्हातारा पाने-पक्कड मांडून वाटच बघत होता. मी निघायच्या आत झाकण उघडलंसुद्धा!"

विजेचं काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. "विजेला एकच हात द्यायचा, पोरी. दुसरा खिशात. दोन्ही दिलेस तर एका हातानं आत शिरते, काळजातून जाते आणि दुसऱ्या हातानं बाहेर पडते. मग आपण उरतो फोटोपुरते." हे सांगताना ते स्वतःच हसायचे. मात्र बॅटरी मेलेली असली की त्यांचे सगळे नियम गुंडाळले जात. मोजेही नकोत. "मढ्याला कसली आलीय भीती?"

एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही. कामात असताना फोन करायचा नाही. माणसाचं लक्ष उडतं, हात चुकतो. मागे एकदा तिनं 'जेवलात का' विचारायला फोन केला, तर असे काही उखडले की तिनं कानाला खडा लावला होता.

"काय हो ताई, मेली का?" दारातून गाडीवाल्यानं विचारलं. बिचारा भाडी मारून पोट भरणारा माणूस. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"मेली असती तर काय डोक्यावर घेऊन आला असता?" ती फिस्सकन हसली. "चालवत आणलीत ना गाडी? मग मेली कशी असेल?"

तोही हसला.

तिचं हसू तोंडातच राहिलं. खरंच की! धावत आलेल्या गाडीची बॅटरी शून्य कशी असेल?

ती मीटर घेऊन टेम्पोकडे धावली. आत्ताच स्टार्ट होऊन आलेला टेम्पो. त्याच्या साध्या बॅटरीला मीटर लावला. शून्य. तिनं मीटरची लाल वायर मुठीजवळ जरा वाकवली. बारा. सोडली. शून्य. वायर वरून धडधाकट दिसत होती आणि आतून तुटली होती.

सकाळी मेलेला होता तो मीटर.

तिनं दातांनी मोजा ओढून काढला आणि आबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद झाली. ते असेच करणार हे तिला ठाऊक होतं. खिशातला फोन वाजू देणार, पुटपुटणार आणि पुन्हा बॅटरीत डोकं घालणार. त्यांचे मोजे तर आज तिनंच धुऊन दोरीवर वाळत टाकले होते. घरात दुसरं कुणी नाही. टेम्पो काढून जावं म्हटलं तरी घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"ताई, काय झालं हो?"

तिनं पुन्हा फोन लावला. "घ्या हो आबा," ती स्वतःशीच बोलत होती, "हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण घ्या." 'मेली' हे तिनंच लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात, चांगलं ठळक. तिच्या अक्षरावर विश्वास ठेवून तो माणूस उघड्या हातांनी बसला होता.

रिंग थांबली. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना.

"काय गं बये!" आबा कडाडले. "कामात फोन करू नको म्हणून किती वेळा सांगायचं? बोल लवकर. ही पट्टी दोन्ही हात लावल्याशिवाय निघायची नाही, आणि एक हात तुझ्या या मेल्या फोननं अडवून ठेवलाय!"