घोकलेलं वाक्य

मायदेशी बारा वर्षं डॉक्टरकी केलेली ती, परदेशात डॉक्टरांची सहायक म्हणून लागली. पेशंटनं विचारायचा अवकाश, उत्तर तिच्या जिभेवर हजर! मग साहेबांनी डोळे वटारलेच म्हणून समजा. "इथं तुम्ही ठरवायचं नाही. 'डॉक्टरांना विचारून सांगते', एवढंच म्हणायचं."

जीव नुसता तळमळायचा. पण नोकरी टिकवायची होती. भांडी घासताना, बसची वाट बघताना ती तेच वाक्य घोकत राहिली.

त्या दिवशी वॉर्डात शिरतानाच बाबांचा फोन आला. "बाळ, सकाळपासून छातीत कळ येतेय गं. आई म्हणते, दवाखान्यात चला. म्हटलं, आधी आपल्या डॉक्टर लेकीला विचारू. काय करू?"



ती झटकन म्हणाली, "डॉक्टरांना विचारून सांगते."