प्लस सी

विद्यापीठाची कॅल्क्युलसची प्लेसमेंट परीक्षा तोंडावर आली होती. चांगले मार्क पडले तर मारेनला तिथला पहिला कोर्स माफ होणार होता. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणितं सोडवायची आणि तिचा बाप व्हर्लिन समोर बसून मक्याची कणसं सोलायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकच गोष्ट ठाऊक होती. गेल्या हिवाळ्यात गेलेली त्याची बायको लोर्ना शाळेत हेच शिकवायची. याच टेबलावर पेपर तपासताना ती करवादायची, "इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे 'प्लस सी' लिहायला ही पोरं मेली तरी शिकणार नाहीत!" आणि लाल पेनाने जागोजागी ते लिहीत सुटायची.

"डॅड, तपास ना," मारेन कागद पुढे सरकवायची.

"प्लस सी कुठाय? आईचं नाव बुडवणार तू!" व्हर्लिन हात पुसून लोर्नाचं लाल पेन उघडायचा आणि प्रत्येक उत्तरापुढे ते लिहायचा. तेवढा वेळ घर पूर्वीसारखं वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही तेच झालं. पण पेन टेकवताना त्याला दिसलं, प्रत्येक उत्तराच्या शेवटी पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडरबराने पुसलेलं होतं. त्याने कागद दिव्याकडे धरला. प्लस सी. सगळीकडे प्लस सी.

मारेन मान खाली घालून त्याची उरलेली कणसं सोलत होती.

"परत विसरलीस ना, कार्टे!" तो ओरडला, आणि त्या पुसट खुणांवरूनच सावकाश लाल पेन फिरवू लागला.