लाल दोऱ्याचं टोक

गोणपाटात शिवलेली कॅमेऱ्याची बॅग सुरत विमानतळावरच्या जवानानं बाजूला घेतली. “ये खोलिए, बेन.” चंचलनं शिवणीत नख घातलं, टाका हलेना. पहाटे ती आंघोळीला गेली तेवढ्यात वडिलांनी हा उद्योग केला होता. साड्यांची पार्सलं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माल कसा फेकला जातो, ते त्यांना ठाऊक. विमानात बॅग तिच्याजवळच राहणार, हे त्यांना पटेना. रिक्षा दारात उभी, उसवायला वेळच नव्हता. इथं कात्री कुठून आणणार? हैदराबादचं लग्न तिच्या कॅमेऱ्यासाठी थांबणार नव्हतं. तिनं वडिलांना फोन लावला. “लाल दोरानं टोक वढ, बेटा. हर पार्सलले आसं टोक मोकळं सोडस मी.” तिनं ओढलं आणि शिवण सरसर सुटली. जवानानं लेन्स पाहून जायची खूण केली. गोणपाटाची घडी घालताना तळाशी शाई दिसली. कॅमेऱ्याला खेळणं म्हणणाऱ्या वडिलांनी लिहिलं होतं: चंचल बडगुजर, फोटोग्राफर.