शेषराजाचा आठवा भाग

“ठेव बाई ते पुस्तक,” तेंदूच्या पानावर कात्री चालवत रुख्मा म्हणाली. “हा आपला शेषराज नोहे.”

नीतूने वाचन थांबवलं. ओसरीवर मांडीत सुपं घेऊन बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. बिड्या वळणारे हात मात्र एकीचेही थांबले नाहीत.

गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या त्या गावात बिड्यांसोबत गोष्ट ही लागायचीच. वाचणारीचे हात मोकळे नसतात, म्हणून संध्याकाळी प्रत्येकीने मूठभर बिड्या तिच्या सुपात टाकायच्या, अशी रीत. आधीचे सात भाग नीतूच्या सासूने, निर्मलाबाईंनी वाचले होते आणि त्यांचं सूप तेव्हा शिगोशीग भरायचं. रक्तपिशाचांचा शिकारी शेषराज या बायकांना घरच्या जावयासारखा झाला होता. त्याला सर्दी झालेली त्यांना ठाऊक असायची.

मग बी.ए. झालेली नीतू सून म्हणून आली आणि रुख्मानेच टूम काढली, “आता सुनेले वाचू द्या ना, निर्मलाबाई. तुमचे डोळे कायले शिणवता?” निर्मलाबाईंनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. मग “बरं” म्हणाल्या आणि स्वतः सूप घेऊन बसल्या.

नीतूने आठवा भाग जीव ओतून वाचायला घेतला. पिशाच आला की आवाज खोल करायची, शेषराजने कट्यार उपसली की स्वतःच दचकायची. तरीही तिच्या सुपातल्या बिड्या रोज कमी होत चालल्या होत्या. नव्या सुनेला याहून मोठी नापसंती कोण कशी कळवणार!

“पण झालं काय या भागात?” तिने रडकुंडीला येऊन विचारलं.

“झालं काय म्हणते!” गीताबाई उसळल्या. “कवापासून तो त्या किल्ल्यात एकटाच बसून राहिला. कॉफी पिऊन राहिला. जेवत काऊन नाई तो?”

“आन् त्याची बायको कोठी गेली?” रुख्माने विचारलं. “कौसल्या? तिच्या हातच्या लसणाच्या चटणीनं तं निम्मे पिशाच पळत होते.”

“यात कौसल्या नाहीच आहे, काकू.”

“नाई कशी? सातव्या भागात तं नागझिऱ्याच्या जंगलात त्याच्यासंग होती.”

नीतूने पानं मागेपुढे चाळली. आधीचे भाग तिने पाहिलेही नव्हते. तिचा नवरा दुर्गेश गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला होता. स्टेशनबाहेरच्या दुकानातून तो एकेक भाग वाचायला आणायचा आणि संपला की परत करायचा.

“लिहिणाऱ्याले बायकोनं टाकलं वाटते,” धुरपता म्हणाली. “म्हणून तिले काढलं यानं.”

सगळ्या खो खो हसल्या. नीतूला हसू आलं नाही. तिने पुस्तक उचललं आणि आत फडताळावर नेऊन ठेवलं. बाहेर रुख्मा म्हणत होती, “उद्यापासून माझ्या घरी बसू. टीव्ही तरी लावून राहू.”

नीतूने ते आतून ऐकलं. सासूने इतकी वर्षं भरती ठेवलेली ओसरी आपल्या पायगुणाने रिकामी होणार. ती धावत बाहेर आली आणि सगळ्यांसमोर सासूला म्हणाली, “आई, तुम्हीच वाचा. मला नाही जमत.”

“माझा चष्मा कोठी आहे कोणाले ठाऊक,” निर्मलाबाई सुपातून मान न काढता म्हणाल्या.

“मी देते आणून. आई, वाचा ना.”

निर्मलाबाईंनी वर पाहिलं. सुनेचे डोळे काठोकाठ भरलेले होते. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “आण, बाई.”

नीतू आत पळाली. दुर्गेशला घरातल्या सगळ्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायची हौस होती. तिने घाईघाईने फडताळावरचं पुस्तक ओढलं, चष्मा शोधला, दोन्ही वस्तू सासूच्या हातात दिल्या आणि रडणं दिसू नये म्हणून चहाच्या निमित्ताने चुलीकडे गेली.

थोड्याच वेळात बाहेर हशा फुटला. नीतूने कान टवकारले. शेषराज किल्ल्यात एकटा का बसला होता? तर कौसल्या रुसून माहेरी गेली होती. आणि आता ती एसटीतून उतरून, डोक्यावर तांदळाच्या भाकरींची टोपली घेऊन, किल्ल्याचा दरवाजा लाथेने उघडत होती. “काय रे पिशाच,” ती आत शिरल्या शिरल्या म्हणाली, “माझा नवरा उपाशी, आन् तू रक्त पेऊन राहिला?”

“हे बाप्पा! आली वं आली!” रुख्मा ओरडली.

नीतू चाटच पडली. तिने तर शेवटपर्यंत सगळं आधीच वाचून काढलं होतं. पानं चिकटली होती की काय? आपण एवढा मोठा प्रसंग गाळला?

ती चहा घेऊन बाहेर आली. निर्मलाबाई रंगात आल्या होत्या. बोट ओळीवरून ओळीवर सरकत होतं, पान संपलं की जिभेला अंगठा लावून त्या पुढचं उलटत होत्या. गीताबाईंनी तर संध्याकाळची वाटही न बघता ओंजळभर बिड्या त्यांच्या सुपात टाकल्या. नीतूला इतकं बरं वाटलं की आपला अपमान ती विसरूनच गेली.

तिने सगळ्यांना कप दिले. मग ती सासूच्या मागे जाऊन उभी राहिली आणि कौसल्या नेमकी कुठल्या ओळीत आली आहे ते बघायला हळूच वाकली.

निर्मलाबाईंचं बोट ज्या ओळीवर होतं, तिथे धानावरच्या तुडतुड्यांसाठी फवारणीच्या पंपात औषध किती घालायचं ते छापलं होतं.