सहा सुतांचा बाक

सहावा बाणही डावीकडेच गेला. सहाच्या सहा बाण पिवळ्या वर्तुळापासून वीतभर बाजूला, एकमेकांना खेटून रुतले होते.

मध्यांतराची शिट्टी झाली. संघात एकच जागा उरली होती आणि मावशी अकरा गुणांनी मागे होत्या. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची ही त्यांची पहिलीच निवड चाचणी.

प्रशिक्षक हळूच जवळ आले. "मावशी, हात डगमगतोय. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका."

"हात डगमगला असता, तर बाण मैदानभर पांगले असते," मागून मावशींची सून म्हणाली. ती फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करायची. धनुष्य तिने उभ्या जन्मात हाती धरलं नव्हतं. "सगळे एकाच जागी चुकतायत. दोष बाणांत आहे."

"तुला बाणांतलं काय कळतं गं?" मावशी खेकसल्या. याच बाणांनी त्यांनी तीनदा मैदान मारलं होतं.

"बाणांतलं नाही कळत, आई. लाकडातलं कळतं."

तिने पिशवीतून नवे बाण काढले. तीन आठवडे ती ते मावशींपुढे ठेवत होती आणि मावशी बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

"मी दोन खिळ्यांवर बाण आडवा ठेवला आणि मधोमध वजन टांगलं. तुमचा जुना बाण चार सूत लवला, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. जुन्या जड धनुष्याला असाच ताठ बाण लागायचा. आता खांद्यासाठी धनुष्य हलकं घेतलंत, बाण मात्र तेच. सुटताना धनुष्याच्या दांड्याला वळसा घालायचा, तर बाणाला लवावं लागतं. हे लवतच नाहीत, दांड्यावर आपटून बाहेर पळतात. हे नवे सहा सूत लवतात."

मावशींनी एक बाण दोन्ही हातांत धरून वाकवला. तो निमूट वाकला. असला लेचापेचा बाण चढवायचा, म्हणजे आपणही आता... पुढचं त्यांनी मनातही येऊ दिलं नाही.

"लोक हसतील."

"हसू देत. शंभर काड्यांना वजन टांगून त्यातून बारा निवडल्यात मी. एकसारखा बाक असलेल्या."

मावशींनी सुनेच्या बोटांकडे पाहिलं. पॉलिश पेपरने टोकं सोलवटली होती. त्यांनी जुने बाण भात्यातून काढून तिच्या हाती दिले.

शिट्टी झाली. मावशींनी दोरी गालापर्यंत ओढली आणि सोडली. सहा महिने कानाला चिकटून बसलेला तो 'टक्' आवाज आलाच नाही. बाण माशासारखा सळसळत गेला आणि पिवळ्यात घुसला.

मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. दुसरा बाण लावला. मग तिसरा. त्या फेरीत चार गुण भरून निघाले, पुढच्या फेरीत पाच. प्रशिक्षकांच्या हातातला चहा तसाच निवत राहिला.

शेवटच्या फेरीत सहाच्या सहा बाण पिवळ्यात बसले. गुणफलकावरचा आकडा बदलला, तेव्हा मावशी तीन गुणांनी पुढे होत्या. सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मावशी मात्र लक्ष्याकडे धावत सुटल्या होत्या. त्यांना धावताना कुणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

सून पोचली, तोवर त्या बाण उपटत होत्या. घाम कपाळावरून नाकावर आला होता.

"आई, हा वाया गेला," सून एक बाण फिरवत म्हणाली. "तुमच्या दुसऱ्या बाणाने याची पिसं उडवली."

मावशींनी भादरलेली पिसं पाहिली आणि पदक मिळाल्यासारख्या हसल्या.

"आणखी जातील. जास्तीचे करून ठेव."