हवेला नावं

पाण्याचा टँकर पुन्हा त्याच यंत्राभोवती फेरी मारून गेला आणि कठड्याला टेकून उभ्या असलेल्या बाईंना हसू आलं. शहरभर धूर कोंदला होता. समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसत नव्हते. हवा मोजणारं यंत्र मात्र न्हाऊनमाखून बसलं होतं. पहाटेपासून त्याच्याभोवती इतकं पाणी फवारलं होतं, की तेवढ्या चार हातांतली धूळ पार खाली बसली आणि मोठ्या फळ्यावर हिरव्या अक्षरांत 'हवा समाधानकारक' असं झळकू लागलं. बाईंनी खिशातून दम्याचा पंप काढला आणि तोंडात फवारा मारून घेतला. एक यंत्राला, एक आपल्याला.

ही युक्ती कुणाची, ते त्या चांगलं ओळखून होत्या. आजची शर्यत भरवणाऱ्या धावपटू संघटनेच्या अध्यक्षांची. पूर्वी ते नुसते सचिव होते आणि बाई देशाकडून मॅरेथॉन धावायच्या. अशाच एका सकाळी, असेच परदेशी पाहुणे जमलेले असताना, बाई त्यांना म्हणाल्या होत्या की घशात जळजळतंय, आज शर्यत नको. त्यांनी पाठीवर थाप मारली होती. "जिंकणारे हवेला नावं ठेवत नाहीत." बाई धावल्या. निम्म्या वाटेत छाती आवळली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि जाग आली ती इस्पितळात, नाकात नळी घातलेली असताना. साहेब फुलांचा गुच्छ आणि फोटोवाला घेऊन भेटायला आले आणि बाहेर जाऊन वार्ताहरांना म्हणाले, मुलीची तयारीच कच्ची होती. तेव्हापासून बाईंना साधा जिना एका दमात चढता आला नाही. राग तेवढा दम न लागता चढत राहिला.

पुढे बाई धावायला शिकवू लागल्या. एके दिवशी मैदानावर एक लांब तंगड्यांची, अखंड बडबड करणारी मुलगी येऊन उभी राहिली. अध्यक्षांची एकुलती एक लेक. मोठ्या माणसाची पोर म्हणून बाकीचे तिला शिकवायला कचरत होते. बाईंनी मात्र आनंदाने घेतली. तिचं नाव टिटवी ठेवलं. घरी जाऊन स्वतःशीच म्हणाल्या, आता हिलाच याच्या हवेत धावायला लावीन. सूड म्हणजे सूड, त्याला गोड नाव देण्यात अर्थ नव्हता. अध्यक्षांनी बाईंना ओळखलंही नाही. बाई समोरच्याचे आधी पाय बघायच्या, अध्यक्षांची नजर मात्र कधी छातीखाली उतरायची नाही. छातीवर नंबर असतो, आणि नंबराखाली जाहिरात.

मात्र टिटवीचा लळा लागेल, हे बाईंच्या हिशेबात नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, अगदी मनातल्या सुडासकट. टिटवीने बाबांचं ते हवेचं वाक्य तेवढं पुन्हा एकदा म्हणायला लावलं होतं.

आता ती सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. बाकीच्या मुली अंगावरचे जाड कपडे उतरवत होत्या, ही अजून लांब विजारीतच होती. कुणीतरी खोकत होतं. कंबरभर उंचीच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाहिरातीचं कापड जमिनीपर्यंत ताणलेलं होतं.

अध्यक्ष घाम पुसत बाईंजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, माझ्या मुलीचं नाव यादीतून काढा, पाय मुरगळला म्हणून सांगा. बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. हवा तर समाधानकारक आहे की.

"फळ्याचं सोडा हो, बाई. लहानपणी तिला धाप लागायची."

बाकीच्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, त्यांचे डॉक्टर त्यांना बघून घेतील.

"मग तिलाच विचारा," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष लगबगीने सुरुवातीच्या रेषेजवळच्या कठड्याशी गेले. बाईही मागोमाग गेल्या. अध्यक्षांनी लेकीला आधी दटावलं, मग विनवलं. टिटवी सरळ समोर बघत राहिली.

"जिंकणारे हवेला नावं ठेवत नाहीत, बाबा."

अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वळले. बाईंनी पंप तोंडाला लावला, सावकाश ओढला आणि खिशात ठेवला. या घटकेची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती आणि ती हवी तशी गोड लागत होती.

"तू... तुम्ही त्या..."

"हो, तीच. कच्च्या तयारीची." बाईंचा आवाज शांत होता. "ती तुमचं ऐकायची नाही, साहेब. शर्यतच झाली नाही, तरच घरी येईल."

पिस्तूलवाला चौथऱ्यावर चढला. मंडपात पाहुणे उभे राहिले. अध्यक्षांनी एकदा आपल्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग जवळजवळ धावतच त्यांनी निवेदकाच्या हातातला माईक हिसकावून घेतला. हवा विषारी आहे, म्हणाले. फळ्यावरचा आकडा खोटा आहे, यंत्राभोवती पाणी मारायला मीच सांगितलं, शर्यत रद्द. शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला.

एकच गोंधळ उडाला. वार्ताहर त्यांच्याभोवती मोहोळ उठावं तसे गोळा झाले. त्यांना ढकलत अध्यक्ष कठड्याकडे आले. मांडववाल्यांनी घाईघाईने जाहिरातीचं कापड सोडवून ओढलं, आणि अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा एका धावपटूच्या पायांकडे पाहिलं.

टिटवी न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून आली होती.