इन्शुलिनचा प्रश्न

आमदार दयानंद बोलायला उभे राहिले तेव्हा विधानसभेच्या सभागृहातले निम्मे बाक रिकामे होते. जेवणाची वेळ होत आली होती. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत प्रेमा बसली होती; तिनं लेकीचा हात घट्ट धरला.

"आई, दुखतंय," यशश्री कुजबुजली.

प्रेमानं पकड सैल केली, पण हात सोडला नाही.

यशश्रीला टाइप वन डायबेटिस होता. शरीरात इन्शुलिनच तयार होत नाही, म्हणून चार वर्षांची असल्यापासून रोज इंजेक्शनं. आता ती कॉलेजात होती. जे. पी. नगरसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या या घराला औषध परवडत होतं. पण डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर शेजारी बसणाऱ्या कितीतरी आयांना परवडत नव्हतं. औषध जास्त दिवस पुरावं म्हणून त्या मुलांचा डोस कमी करायच्या आणि मग मूल दवाखान्यात भरती व्हायचं. बोम्मसंद्र्यात कारखान्यात जाणाऱ्या गंगव्वाची मुलगी तर दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

त्यानंतर प्रेमा आमदारांची दारं वाजवू लागली. कुणी चहा पाजला, कुणी सोबत फोटो काढला. तिच्या माहेरच्या, सीमाभागातल्या मतदारसंघाचे दयानंद मात्र हातातला फोन पालथा ठेवून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मांडतो की, अक्का. पण मिळंलच म्हणून आत्ता सांगत न्हाई."

आणि आज ते मांडत होते. दयानंद काही मोठे वक्ते नव्हते. कन्नडमधून कागद वाचताना अडखळत होते, औषधांची नावं चुकत होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुलांना इन्शुलिन फुकट मिळावं. या आजारावरच्या संशोधनाला सरकारनं निधी द्यावा. प्रेमा ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होती.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पोरांना जरा गोड कमी खायला सांगा!"

हशा पिकला. यशश्रीनं मान खाली घातली.

दयानंदांनी कागद खाली ठेवला. आता ते अडखळले नाहीत.

"अध्यक्ष महोदय, हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही. नुकतं बोलायला लागलेल्या पोरालाही होतो. यात आईची काहीही चूक नसते. बाकी काही मिळो न मिळो, एवढं वाक्य सभागृहाच्या नोंदीत राहू द्या."

हसणं थांबलं.

प्रेमाच्या कानांत तेच वाक्य घुमायला लागलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, फार लाडावलंस, सारखा खाऊ दिलास. शेजारणींनी तेच जरा गोड शब्दांत म्हटलं होतं. नंदकिशोर, तिचा नवरा, तसं कधीच म्हणाला नाही; पण त्यांचं खोटं आहे, असंही कधी म्हणाला नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, तिनंही पुस्तकं वाचली होती. तरी पहाटे जाग आली की ती मनातल्या मनात लेकीचं बालपण चाचपायची. कुठल्या वाढदिवशी काय दिलं, कुठं हात सैल सोडला.

खाली मंत्री उत्तर द्यायला उठले होते. त्यांचे ओठ हलताना तिला दिसत होते.

"आई, ऐकलंस का?" यशश्री तिला हलवत होती. "तालुक्याच्या दवाखान्यात इन्शुलिन ठेवणार म्हणाले! या वर्षापासून!"

"हो?" प्रेमा म्हणाली. डोळे पुसायला तिला पदर सापडत नव्हता.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात दयानंद घाईनं त्यांच्याकडे आले. चेहरा जरा पडलेला होता.

"संशोधनाचं नुसतं 'विचार करू' म्हणाले, अक्का. पुढच्या अधिवेशनात पुन्हा उठवतो."

"साहेब, आज जे मिळालं ना, त्यासाठी गंगव्वा स्वतः येईल तुम्हाला भेटायला," प्रेमा म्हणाली. मग तिनं विचारलं, "ते आईचं... ते तुमच्या कागदात नव्हतं. कागद मीच लिहून दिला होता. ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

दयानंदांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"तुम्हीच की. पहिल्यांदा आलात, खुर्चीत बसायच्या आधी म्हणालात, 'मी तिला फार गोड खाऊ घातलं नव्हतं हो.'" त्यांचा आवाज उतरला. "मी तर अजून काही विचारलंबी नव्हतं, अक्का."

प्रेमानं हात जोडले.

"सरी, अण्णा," ती कन्नडमध्ये 'बरं' एवढंच म्हणाली. "सरी."